चौथा नियम

मलकापूर (कराड)
१२ जून २०२४

चाचांना सलाम,

एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही हे आधीच सांगून टाकते. जो माणूस तीस वर्षं लोखंडात हात घालतोय, त्याला मागच्या वर्षी बी.एस्सी. झालेल्या मुलीने मशीन कसं वापरायचं ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

फोन केला असता, पण तुमचे कान ग्राइंडरने खाल्ले. फोन चाचींच्या हातात गेला की पुढे माझं काही चालत नाही. नोकरीची बातमी सांगायला केला होता, तर त्यांनी लग्न कधी करणार एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. म्हणून पत्र.

नोकरी अशी आहे. मलकापुरात हायवेलगतच्या एका जुन्या गोदामात एका संस्थेने सामायिक कार्यशाळा काढली आहे. ज्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही त्याने नाव नोंदवायचं, इथे यायचं आणि आपलं काम करून जायचं. कॉलेजची मुलं प्रोजेक्ट करतात, बायका लाकडी खेळणी कापतात, शेतकरी औजारं दुरुस्त करतात. सगळे तिला शेडच म्हणतात. उभं ड्रिल मशीन आहे, दोन वेल्डिंग सेट, ग्राइंडर, लाकडाची करवत. शिवाय काचेच्या पेटीत प्लॅस्टिकच्या वस्तू छापणारं एक यंत्र आहे. त्याच्यासमोर सगळे उभे राहतात, हात कुणी लावत नाही. मी इथली व्यवस्थापक. संस्थेचे सचिव विश्वजितसर पुण्याहून पंधरा दिवसांनी एकदा येतात, बाकी सगळं माझ्यावर.

पहिल्याच आठवड्यात तिघांना लागलं. एकाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, एकाला वेल्डिंगने भाजलं. एकाने कापलेल्या अंगठ्यावर चहापूड दाबली आणि काम तसंच पुढे चालू ठेवलं. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी आहे. उघडली, तर आत बामची रिकामी बाटली, दोन रबर बँड आणि कुणाचं तरी रेशनकार्ड.

इथे जोतीरामकाका म्हणून आहेत. मूळ दहिवडीजवळचे, म्हणजे आमच्याच माण तालुक्यातले. जुन्या सायकलच्या चाकाची, तण काढायची कोळपी बनवून विकतात, त्यावर त्यांचं घर चालतं. भोकं पाडायला मशीन फक्त इथलं. मी मेंढपाळाची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, हे कळल्यावर त्यांनी सगळ्या शेडला ओरडून सांगितलं, ‘आयकलं का रं, आपल्या मानदेशातली पोरगी हाय. आता इथं तिचाच शब्द!’ मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

कॉलेजला असताना कडेगावला मावशीकडे राहून तुमच्या वर्कशॉपमध्ये, लोखंड कातायच्या लेथवर दोन सुट्ट्या काढल्या. तुम्ही बाह्या दुमडायला लावायचात, बांगड्या काढायला लावायचात, ओढणी घरी ठेवून ये म्हणायचात. पण का, ते कधी सांगितलं नाहीत. इथे मला का ते सांगावं लागणार. काय करू?

तुमची,
सृष्टी


कडेगाव
१९ जून २०२४

सृष्टीला बशीरचाचाची दुवा.

तुजं पत्र पोचलं. डोळं अजून शाबूत हायीत, कान तेवढं गेलं. चाचीला वाचून दाखवलं. ती म्हनती, लग्नाचं इचारलं त्यात माजं काय चुकलं.

तुज्या प्रश्नाचं उत्तर मलाबी येत न्हाई. मी कुनाला कवा सांगितलंच न्हाई, नुसता वरडलो. वरडल्यावर मानूस आयकतो, पर शिकत न्हाई. माज्या उस्तादानं बी मला असंच वरडून शिकवलं. का म्हनून इचारलं तर पाना फेकून मारायचा.

एक कर. नियम नंतर. आधी एकेकाला घेऊन बस आनि इचार, तुला कवा लागलं, कशानं लागलं. कारागीर आपल्या कामाची बढाई मारत न्हाई एवढी जखमंची मारतो. समदं भाईर येईल. त्यातनंच तुजं नियम निघतील आनि ते त्यांचंच आसतील, म्हंजी पाळतील बी.

आमच्या दुकानात पयला उपचार म्हंजी चाची. रगत दिसलं की आधी शिव्या, मग फडकं. शिव्या आयकून मानूस दुखनं इसरायचा. तू शिव्या देऊ नकोस, तुला जमनार न्हाई. पर चहापूड आनि हळद बंद कर. पानी आनि स्वच्छ कापड, येवढं लय झालं.

पेटीतलं रेशनकार्ड ज्याचं त्याला दे.

बशीर


मलकापूर
८ जुलै २०२४

चाचांना सलाम,

रेशनकार्डाचा मालक सापडला. चार महिने घरात शोधत होता. शेडमध्ये हरवणार नाही म्हणून त्यानेच पेटीत ठेवलं होतं, कारण ‘ती पेटी कुणी उघडतच न्हाई’.

तुम्ही सांगितलं तसं विचारायला बसले होते. पहिल्याच दिवशी दोन माणसांत दीड तास गेला. एकाची गोष्ट विहिरीच्या मोटरीवरून त्याच्या साडूच्या भांडणावर गेली आणि मशीनं तशीच उभी राहिली. असं चाळीस जणांना विचारत बसले तर दिवाळी येईल. मधल्या काळात कुणाला लागलं तर? म्हणून मी तो नाद सोडला आणि नीट अभ्यास करून नियमच लिहून काढले. बारा नियम आहेत. इंटरनेटवर मोठ्या कारखान्यांचे, कॉलेजांचे, बांधकामांवरचे तक्ते बघून त्यातलं उत्तम ते घेतलं. प्रत सोबत जोडली आहे. मोठ्या पाटीवर रंगवून दाराशी लावले आहेत. विश्वजितसर म्हणाले, असं काम पुण्यातल्या कारखान्यांतही नाही.

साताऱ्याला दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही करून आले. पेटीत आता पट्ट्या, जाळीचं कापड, डोळे धुण्याचं भांडं, भाजल्यावर झाकायचं कापड आहे. कुलूप नाही. दर शनिवारी सराव करतो. घंटा वाजली की एकाने मेन स्विच पाडायचा, एकाने १०८ ला फोन लावायचा, एकाने पेटी आणायची, एकाने हायवेवर जाऊन गाडीला हात करायचा. मागच्या शनिवारी जखमी व्हायची पाळी जोतीरामकाकांची होती. झोपून राहा एवढंच सांगितलं होतं, तर ते छाती धरून ओरडायला लागले, ‘धोंडे, कोंबड्या कोंडून घे गं, मी निघालो!’ आणि त्यांच्या बायको धोंडुबाई नेमक्या डबा घेऊन दारात. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि म्हणाल्या, ‘निघालाय तर जेवून जावा.’

सगळ्यात समाधान चौथ्या नियमाचं आहे: ‘हातमोजे घातल्याशिवाय कोणत्याही मशीनला हात लावू नये.’ सुती मोज्यांचे पन्नास जोड मागवले. मेंढ्या कातरून आमच्या आप्पांच्या हाताची काय अवस्था झाली आहे ते मी लहानपणापासून पाहिलंय. तुमच्या वर्कशॉपमध्येही मोजे नव्हते. परवडत नसतील तेव्हा, हे आता समजतं. इथे तरी कुणाचा हात उघडा राहायला नको.

जोतीरामकाका थोडं कुरकुरले. म्हणाले, ‘मोज्यात बोटाला काय कळत न्हाई मॅडमबाई, डिरिलवर तर नगंच.’ मी म्हटलं, सवय होईल काका. मग त्यांनी घातले.

नियम वाचून काय वाटलं ते नक्की कळवा.

तुमची,
सृष्टी


कडेगाव
१६ जुलै २०२४

सृष्टीला दुवा.

नियम वाचलं. एक ते बारा. अक्षर मोत्यावानी हाय. चाचीनं कागद कपाटाला चिकटवलाय, आल्या-गेल्याला दावती.

शनवारचा सराव मला लय आवडला. मेन स्विच पाडायचं मानूस आधीच ठरवून ठेवलंस ही अक्कल आमाला चाळीस वर्सांत आली न्हाई. मी साखर कारखान्यात अकरा वर्सं काढली. तिथं भिंतभर पाट्या व्हत्या. एक वाचल्याली मला आठवत न्हाई. पाटी लावली की सायेब खूश, आनि कामगार आपलं काम आपल्या हिशोबानं करतो. म्हनून तुजा सरावच खरा.

हिकडं ऊस बरा हाय. डाव्या गुडघ्यात कळ येती. जेवत जा येळंवर.

बशीर


मलकापूर
२ सप्टेंबर २०२४

चाचांना सलाम,

उशीर झाला. बुधवारी, २८ ऑगस्टला, शेडमध्ये अपघात झाला. जोतीरामकाकांचा डावा हात ड्रिलमध्ये गेला.

दुपारचे पावणेचार. मी टेबलावर होते. आवाज बदलला, तुम्ही म्हणायचात तसा, मशीन काहीतरी गिळल्यावर बदलतो तसा. पाठोपाठ काका ओरडले. शनिवारचं ओरडणं नव्हतं. एकाने मेन स्विच पाडला, सांगावं लागलं नाही. तर्जनीचं वरचं पेर तुटून खाली पडलं होतं, मधल्या बोटाचं कातडं सोललं होतं. मी जाळीच्या कापडाची घडी करून दाबली, हात वर धरला, त्यांना खाली बसवलं. कुणीतरी हळदीची पुडी घेऊन आलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो परत गेला. तुटलेलं पेर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळलं, पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या बर्फाच्या पिशवीत. बर्फ सरळ लावायचा नाही, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. बर्फ शेजारच्या रसवंतीवाल्याने दिला. गाडी अकरा मिनिटांत आली, कारण हायवेवर आमचा माणूस उभा होता.

गाडीत काका मलाच धीर देत होते. ‘रडू नगं पोरी. नऊ ऱ्हायल्यात की.’

डॉक्टर म्हणाले, इतक्या नीट बांधून आणलेला पेशंट आम्ही क्वचित बघतो. पेर जोडलं आहे. मधलं बोट वाचेल. विश्वजितसर दुसऱ्याच दिवशी आले आणि सगळ्यांसमोर मला नारळ आणि शाल दिली. एका स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या. आप्पांनी तो कागद मेंढरांमागे फिरताना खिशात ठेवलाय म्हणे.

मला झोप नीट येत नाही. बाकी ठीक.

तुमची,
सृष्टी


कडेगाव
९ सप्टेंबर २०२४

सृष्टीला दुवा.

पत्र दोनदा वाचलं. तू जे केलंस ते मोठ्या डाक्टरानं केल्यागत केलंस. चाची रडली, मग शेजारनीस्नी बोलावून वाचून घेतलं.

जोतीरामची बायको कशी हाय? घरात खायला कोन बघतंय? पेर धरलं का? डावा हात का उजवा ते तू लिवलंस, पर तो मानूस कंच्या हातानं काम करतो ते लिवलं न्हाईस. नोंद केली का समदी? असल्या गोष्टीची नोंद त्याच दिशी करावी, नंतर मानसं आपापल्या सोयीनं आठवत्यात.

आनि एक. हातात मोजा व्हता का?

बशीर


मलकापूर
२० सप्टेंबर २०२४

चाचांना सलाम,

धोंडुबाई बऱ्या आहेत. त्या शेजारी धुण्याभांड्याला जातात, शिवाय शेडमधले लोक आळीपाळीने धान्य पोचवतात. काका उजव्या हाताने काम करतात, डाव्याने भोक पाडायचं लोखंड धरतात. पेर धरलं नाही. आठव्या दिवशी काळं पडलं, काढून टाकावं लागलं. मधलं बोट सरळ होत नाही अजून.

नोंद झाली आहे. विश्वजितसरांनी स्वतः सांगितली, मी लिहिली. ‘सर्व सुरक्षा साधने वापरली होती. अपघात कामगाराच्या दुर्लक्षामुळे.’ सर म्हणाले, आपण सगळं नियमाने केलं होतं, मग उरतं काय? त्यावरून संस्थेच्या समितीने ठरवलं की पन्नाशीच्या पुढच्यांनी फिरत्या मशीनवर काम करायचं नाही. काका चोपन्न वर्षांचे आहेत. त्यांची नावनोंदणीच रद्द झाली; पट्टी सुटल्यावरसुद्धा त्यांना शेडमध्ये येता येणार नाही, ड्रिल मिळणार नाही. परवा दोन जण बोलताना ऐकलं, ‘जोतीरामची नजर गेलीया, वयच झालं.’ त्यांच्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने यंदा कोळपी दुसरीकडून घेतली.

दुसरी बातमी म्हणजे संस्था सांगलीला अशीच शेड काढते आहे. १५ ऑक्टोबरला सुरू होईल. आमचेच बारा नियम तिथे फ्लेक्सवर छापणार आहेत, खाली माझं नाव. घरी सांगितलं तर आई म्हणाली, आपलं नाव सांगलीला लागलं.

गुडघ्याला काय लावता? शेकत जा.

तुमची,
सृष्टी


कडेगाव
२५ सप्टेंबर २०२४

सृष्टी,

मी सा गोष्टी इचारल्या. तू पाचांचं उत्तर दिलंस. सहावीचं न्हाई. म्हंजी मोजा व्हता.

आता माजं आयक. तुज्या कागदावरचा चौथा नियम मी जुलैतच वाचला व्हता. वाचला तवाच चूक ध्यानात आली. लेथ आसंल, डिरिल आसंल, फिरतं मशीन म्हटलं की मोजा घालायचा न्हाई. उघड्या हाताला डिरिलचं फिरतं बिट लागलं तर कातडं फाटतं आनि हात मागं येतो. मोज्याचा एक धागा गावला की मशीन समदा हात वडून घेतं, मागं येऊ देत न्हाई. बाही, बांगडी, वढनी, समदं त्याचसाठी. माज्या दुकानात मोजं नव्हतं ते गरिबीमुळं न्हाई.

मग लिवलं का न्हाई? तू लय हुरूपानं लिवलं व्हतंस. पयल्याच कामात चूक काढली तर पोरगी खचंल म्हटलं. आनि दुसरं, खरं ते, की मी म्हटलं पाटी कोन वाचतंय. कारागीर हाय, तो डिरिलवर जाताना मोजा काढूनच ठेवील. मी असतो तर काढला असता. जोतीराम तुज्या पाटीचं आयकंल हे माज्या डोक्यात आलं न्हाई.

तवा त्या बोटातलं निम्मं मी खाल्लं. चाचीला सांगितलं. तिनं कपाटावरचा कागद काढला, माज्याशी दोन दिस बोलली न्हाई.

आता सल्ला. पाटी गपचिप उतरव. सांगलीला फोन करून चौथा नियम काढायला लाव. नोंदीला हात लावू नगंस. ती आता झाली. तुज्या घरात पयल्यांदा कुनी खुर्चीवर बसलंय. तुज्या आप्पानं मेंढरं इकून तुला शिकवली. जोतीरामची सोय आपुन दुसऱ्या वाटंनं करू. माजं जुनं डिरिल पडून हाय, ते त्याला पाठवतो.

हे मान. मी तुज्या बापाच्या वयाचा हाय.

बशीर


मलकापूर
७ ऑक्टोबर २०२४

चाचांना सलाम,

मोजा होता. सुती, पांढरा, मी मागवलेल्या पन्नासांतला. स्विच पाडल्यावर मीच तो बिटाभोवतीचा पीळ उलटा फिरवून सोडवला होता. ते मी तुम्हाला लिहिलं नाही, विश्वजितसरांना सांगितलं नाही आणि शाल घेतली.

तुमचा राग आला. दोन दिवस होता. तुम्ही वाचूनही गप्प राहिलात म्हणून. मग आठवलं की ‘डिरिलवर तर नगंच’ हे काकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही बोलला असतात तर मी ऐकलं असतं, असं म्हणायला मला आवडेल. खात्री नाही.

तुमचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी काकांच्या घरी गेले. धोंडुबाई भाकरी करत होत्या. मी सरळ विचारलं.

‘काका, ड्रिलवर मोजा चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना?’

‘ठावं नसायला काय झालं? तीस वर्सं कवा घातला न्हाई.’

‘मग घातला कशाला?’

‘तू लिवलं व्हतंस नव्हं.’

चुलीपुढून धोंडुबाई म्हणाल्या, ‘बघा! मी कपाळ फोडून सांगितलं की तंबाखू सोडा, त्ये न्हाई आयकलं. आन हिचं येका पाटीवर आयकलं.’

‘तू गप गं.’ काका पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होते. ‘आपल्या मुलखातली पोरगी शिकून आली. समद्या शेडला मीच वरडून सांगितलं, हिचाच शब्द म्हनून. मग मीच तिचा नियम मोडला तर बाकीची तिला काय किंमत देतील, म्हटलं. आन खरं सांगू का, मला वाटलं पुस्तकात काय नवीन निघालं आसंल. आपल्याला जुनंच ठावं.’

धोंडुबाईंनी ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, ‘खा. रडून काय बोट उगवनार हाय का?’

मी त्यांना तुमच्या ड्रिलचं सांगितलं. काका म्हणाले, चाचांना सलाम सांग, पण घरात मशीनचा भार पेलणारी वायर नाही आणि मला शेडमध्येच जायचंय. ‘मी चोर हाय का, की मला दार बंद?’

गुरुवारी विश्वजितसर आले. मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, चाचा. चेहरा उतरला त्यांचा. मग म्हणाले, ‘सृष्टी, जोतीरामना येऊ दे. वयाचा नियम मी काढतो. सांगलीचा फ्लेक्सही बदलू, अजून छापायचा आहे. पण नोंद राहू दे. संस्था नवीन आहे. चुकीचा नियम आपणच लावला असं कागदावर आलं, तर दोन्ही शेडना टाळं लागेल. आणि तुमचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.’

‘आणि नोंदीत काकांचं दुर्लक्ष?’

‘कागदावर काय लिहिलंय त्याने त्यांचं काय अडतंय? काम मिळालं, संपलं.’

चाचा, तुम्ही सांगितलं होतं जवळजवळ तेच ते म्हणत होते. काकांना मशीन मिळत होतं, सांगलीची पाटी बदलत होती, माझी खुर्ची राहत होती. मी दोन दिवस विचार केला. दर वेळी एका ठिकाणी अडले. पाटी गुपचूप बदलली तर लोकांना एवढंच कळणार की आधी मोजे घाला म्हणत होते, आता घालू नका म्हणतात. का, ते कळणार नाही. मग पुढचा कुणीतरी शहाणा आणखी एक तक्ता बघून पुन्हा मोजे आणेल. आणि जे खरं जाणत होते ते जोतीरामकाका ‘वय झालेले, नजर गेलेले’ म्हणून राहतील, म्हणजे त्यांचं पुढच्या वेळीही कुणी ऐकणार नाही.

शनिवारी सरावाला सगळे जमले तेव्हा घंटा वाजवली नाही. नोंदवही काढली आणि जुन्या नोंदीखाली सगळ्यांसमोर लिहिलं. तुम्हाला जसंच्या तसं उतरवून पाठवते.

‘२८ ऑगस्टच्या अपघाताची दुरुस्त नोंद. फिरत्या ड्रिलवर हातमोजे घालणे धोक्याचे असते. मोज्याचा धागा बिटात अडकतो व हात ओढला जातो. मोजे सक्तीचे करणारा चौथा नियम मी लिहिला. तो लिहिण्यापूर्वी मी इथल्या कारागिरांना विचारले नाही. जोतीराम यांनी हरकत घेतली होती, ती मी ऐकली नाही. त्यांचे दुर्लक्ष झाले नाही. त्यांनी नियम पाळला.’

मग वाचून दाखवलं. करवतीवर खेळणी कापणाऱ्या सोनियाताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘मला पण वाटायचं की मोज्यानं लाकूड सरकतंय. म्हटलं, मॅडमना जास्त कळतं.’ मग दुसरा बोलला, मग तिसरा. ज्या गोष्टी विचारायला मला जूनमध्ये वेळ नव्हता त्या तीन तास चालल्या. साडूच्या भांडणाचीसुद्धा ऐकली. जोतीरामकाका दाराशी उंबऱ्यावर बसून होते. आत यायची बंदी अजून उठलेली नाही. उंबरा आत धरायचा की बाहेर, यावर त्यांनी आणि वॉचमनने वाद घातला.

नोंदीत तुमचं नाव नाही. ते तुमचं तुम्ही चाचींशी मिटवा.

विश्वजितसरांना शनिवारीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘विश्वस्तांची बैठक चौदाला आहे. तोवर हे बाहेर जाऊ देऊ नका.’ बैठकीत माझं काय ठरेल ते माहीत नाही. आप्पांना कळवलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या मानसाला आता कोळपं धरता येतंय का?’ येतं म्हटलं. ‘मग ठीक,’ म्हणाले आणि मेंढरांकडे गेले.

आज सकाळी नोंदीच्या सात प्रती काढल्या. पाच विश्वस्तांना, एक सांगलीच्या शेडच्या व्यवस्थापकाला, एक जोतीरामकाकांना. त्यांची हातात नेऊन दिली, धोंडुबाईंनी ती डब्यात ठेवली. बाकीच्या सहा पोस्टात रजिस्टर करून आले आणि मग तुम्हाला लिहायला बसले. आधी लिहिलं असतं तर तुमच्या उत्तराची वाट बघितली असती.

तुमची,
सृष्टी